कॉन्फरन्स मोडली म्हणजे युनिव्हर्सिटी बुडाली का?

एका ताईंचा प्रश्न असा आहे: मुलीला ओरेगन स्टेटला, म्हणजे कॉर्व्हालिसला, एमएसची ऍडमिशन मिळालीये, घरात सगळे खूष, आणि तेवढ्यात सिऍटलला राहणारा भाचा फोनवर म्हणाला, "अगं आत्या, त्यांची पॅक-१२ कॉन्फरन्सच बुडाली, चांगली चांगली कॉलेजं सगळी निघून गेली, हे आणि अजून एक असे दोघेच मागे उरले." तेव्हापासून ताईंची झोप उडालीये. युनिव्हर्सिटीचं नाव खाली गेलं का, ऍडमिशन घ्यावी का, आणि मुळात शंभर वर्षांची संघटना एका आठवड्यात मोडतेच कशी, असं सगळं त्यांनी विचारलंय.

मी का उत्तर देतोय ते आधी सांगतो. इथे अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या ऍथलेटिक्स डिपार्टमेंटच्या अकाउंट्समध्ये मी १७ वर्षं काढली, नाव सांगत नाही. फुटबॉल (इथला, अमेरिकन) मला अजून धड कळत नाही, नियम बायको समजावते, पण त्या खेळाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जिरतो ते मी रोज बघायचो. आमच्याकडे कॉन्फरन्स बदलायची चर्चा सुरू झाली तेव्हा "असं केलं तर काय, तसं केलं तर काय" अशा एक्सेल शीट बनवणारा प्राणी मीच होतो.

तर ताई, पहिलं म्हणजे शांत झोपा. डिग्रीशी याचा काहीएक संबंध नाही. मुलीचा प्रोफेसर, त्याची लॅब, त्याला मिळणारी रिसर्च ग्रँट, यातलं काहीही फुटबॉलच्या कॉन्फरन्सवरून, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या संघटनेवरून, ठरत नाही. भाचा म्हणाला ते खोटं नाहीये, फक्त तो खेळाबद्दल बोलत होता आणि तुम्ही ते शिक्षणाबद्दल ऐकलंत. हा गोंधळ एकट्या तुमचा नाही, कारण बिग टेन ही अशीच एक बडी कॉन्फरन्स, पण "बिग टेन युनिव्हर्सिटी" असं लोक एखाद्या पदवीसारखं मिरवतात. त्यात थोडं तथ्य आहे, बिग टेनचे प्रेसिडेंट लोक नवीन मेंबर घेताना असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज नावाच्या मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिट्यांच्या क्लबात तुम्ही आहात का ते बघतात. पॅक-१२ सोडून बिग टेनला गेलेले ओरेगन, वॉशिंग्टन आणि लॉस अँजेलिसचे यूएससी, यूसीएलए चौघेही त्यात आहेत, मागे उरलेले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट नाहीत. पण नेब्रास्काला बघा, २०११ मध्ये बिग टेनमध्ये गेले आणि त्याच वर्षी त्या क्लबातून बाहेर काढले गेले, तरी कॉन्फरन्सने त्यांना हाकललं नाही. मग खरा निकष कुठला ते समजा.

आता तुमचा खरा प्रश्न, की ही चीज आहे तरी काय आणि ती मोडते कशी.

कॉन्फरन्स म्हणजे आपल्याकडचा दूध संघ समजा. एकटा शेतकरी डेअरीच्या दारात कॅन घेऊन गेला तर पडेल भावाने दूध घालून येणार, म्हणून गावचे सगळे मिळून संघ करतात, दूध संघाला घालतात, भाव संघ ठरवून घेतो. इथे दुधाच्या जागी मॅच टीव्हीवर दाखवायचे हक्क आहेत. प्रत्येक मेंबर कागदावर सही करून आपल्या घरच्या मॅचेसचे हक्क अमुक वर्षांपर्यंत कॉन्फरन्सला लिहून देतो, याला इथे ग्रँट ऑफ राइट्स म्हणतात. सही केल्यावर तुम्ही संघ सोडून गेलात तरी तुमच्या म्हशीचं दूध जुन्याच संघाचं! मग नवीन संघ तुम्हाला घेऊन करणार काय? म्हणून कोण कुठे जाणार हे कळायला नकाशा बघू नका, त्या कागदावरची शेवटची तारीख बघा. आमच्या ऑफिसात ती तारीख पांढऱ्या बोर्डावर लाल मार्करने लिहिलेली असायची आणि कोणीही ती पुसायचं नाही.

हे सगळं सुरू झालं १९८४ ला. तोवर टीव्हीवर कोणाची मॅच किती वेळा दाखवायची ते एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना, ठरवायची, दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा वगैरे असे नियम होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की ही मक्तेदारी झाली, बंद करा. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक जज बायरन व्हाइट, जे स्वतः तरुणपणी नावाजलेले फुटबॉलपटू होते. त्या निकालानंतर दूध विकायला सगळे मोकळे, आणि तेव्हापासून कोणाचं दूध कोणाच्या संघात ही ओढाताण थांबलेलीच नाही.

मधली वर्षं पटकन सांगतो. १९९२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, आर्कान्सा आणि साउथ कॅरोलिना घेऊन १२ मेंबर केले, कारण १२ झाले की दोन गट पाडून फायनल खेळवता येते आणि फायनल वेगळी विकता येते. आर्कान्सा ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधून उठून गेलं ती १९९६ ला संपलीच, चार कॉलेजं बिग १२ नावाच्या कॉन्फरन्समध्ये गेली आणि टीसीयू, एसएमयू, राइस, ह्यूस्टन वाऱ्यावर. हे चौघं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येणार आहे.

नंतर केबलचा जमाना. बिग टेनने २००७ ला स्वतःचं चॅनल काढलं. केबलमध्ये गंमत अशी की तुम्ही मॅच बघा न बघा, तुमच्या भागात चॅनल बेसिक पॅकेजमध्ये असलं की दर घरामागे दर महिन्याला पैसे चॅनलला जातात. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी मेरीलँड आणि रटगर्स घेतले. रटगर्सचा फुटबॉल बघायला कोणी जीव टाकत नव्हतं हो, पण रटगर्स न्यू जर्सीत, शेजारी न्यूयॉर्क, मेरीलँडच्या शेजारी वॉशिंग्टन डीसी, म्हणजे लाखो घरांची केबल बिलं! तेव्हा टीम घेत नव्हते, पिनकोड घेत होते. नंतर लोकांनी केबल कापली आणि हे गणित फिरलं. आता घरं मोजून उपयोग नाही, खरोखर किती लोक मॅच लावून बसतात ते मोजतात. म्हणून आता नाव लागतं. २०२१ च्या जुलैत टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसीत जायचं जाहीर केलं, २०२४ ला गेलेही, आणि एक वर्ष आधी सुटण्यासाठी दोघांनी मिळून बिग १२ ला १० कोटी डॉलर मोजले. ही रक्कम भरूनही त्यांना परवडत होतं यातच सगळं आलं.

आता पॅक-१२. पश्चिम किनाऱ्यावरची, मुळं १९१५ पर्यंत जाणारी कॉन्फरन्स. लोक म्हणतात हाव नडली. मी शीट बनवलेला माणूस आहे, मला विचाराल तर हावेपेक्षा भीती जास्त होती, आणि त्याहून जास्त होता फाजील आत्मविश्वास. त्यांनी २०१२ ला स्वतःचं नेटवर्क काढलं, कोणालाही पार्टनर न घेता, १०० टक्के मालकी आपली. ऐकायला भारी वाटतं, पण पार्टनर नाही म्हणजे तुमचं चॅनल सगळीकडे लागावं म्हणून जोर लावणारा मोठा भाऊ पण नाही. डायरेक्टटीव्ही या मोठ्या डिशवाल्या कंपनीवर ते चॅनल कधी आलंच नाही. मग टेक्सस-ओक्लाहोमा गेल्यावर २०२१ च्या उन्हाळ्यात बिग १२ आडवी पडलेली होती, तिचे उरलेले मेंबर उचलायची संधी पॅक-१२ ला होती, त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर केलं की आम्हाला वाढायचं नाही. त्याऐवजी बिग टेन आणि एसीसी या दोन कॉन्फरन्सबरोबर "अलायन्स" केली. कागदावर सही नाही, एकमेकांच्या शब्दावर विश्वास. हे टीव्हीवर ऐकलं तेव्हा आमच्या ऑफिसातली एक सिनियर बाई चहा पिता पिता ठसकली होती. दहा महिने झाले आणि ३० जून २०२२ ला त्याच बिग टेनने यूएससी आणि यूसीएलए उचलले, म्हणजे आख्खं लॉस अँजेलिसचं मार्केट गेलं.

इथे पुन्हा ती तारीख. पॅक-१२ चा टीव्हीचा करार आणि हक्कांचा कागद दोन्ही २०२४ च्या उन्हाळ्यात संपणार होते, म्हणजे कोणालाही जाताना कुलूप नाही. बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसीबरोबर सात वर्षांचा ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. बिग १२ चा जुना करार २०२५ पर्यंत होता तरी त्यांचा नवा कमिशनर ब्रेट यॉर्मार्कने रांग मोडून ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी पुढचा करार उरकून टाकला, दर मेंबरला वर्षाला साधारण ३.१७ कोटी डॉलर. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. भाव थोडा कमी घेतला असेल पण दुकानदाराच्या खिशातले पैसे आधी काढून घेतले, पॅक-१२ पोचेपर्यंत गल्ला रिकामा होत आलेला.

पॅक-१२ वाले वर्षभर "करार येतोय, येतोय" म्हणत राहिले. शेवटी हातात आला ऍपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, पायाची रक्कम कमी, आणि लोकांनी सबस्क्रिप्शन घेतलं तर वर पैसे. आता तुम्ही युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आहात असं धरा. स्टेडियमच्या कर्जाचा हप्ता ठरलेला आहे, कोचचा पगार ठरलेला आहे, आणि उत्पन्नाच्या रकान्यात लिहायचं काय तर "लोकांनी ऍप घेतलं तर". मी तरी सही केली नसती. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला शुक्रवारी सकाळी उरलेल्यांनी हक्कांच्या कागदावर सह्या करायच्या होत्या, त्याऐवजी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, आणि संध्याकाळपर्यंत ऍरिझोना, ऍरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ ला. मोजून नऊ दिवसांत सहा. यातलं एकही कॉलेज सोडायचंच म्हणून बसलेलं नव्हतं असं माझं मत आहे, प्रत्येकाला फक्त शेवटचा उरायचं नव्हतं. बस सुटताना सगळे एकदम दाराकडे धावतात तसं झालं. स्टॅनफर्ड आणि बर्कली सप्टेंबरात एसीसीत गेले, एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स! पॅसिफिकच्या काठावरची दोन कॉलेजं, आणि वर सुरुवातीची सात वर्षं टीव्हीच्या पैशाचा फक्त ३० टक्क्यांच्या आसपास वाटा घेणार. त्यांच्याबरोबर गेलेल्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचे पैसेच नकोत सांगितलं, त्यांच्यामागे डॅलसचे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, भरतील ते.

आणि तुमच्या मुलीचं ओरेगन स्टेट? त्यांचं नशीब बघा. साधारण १६ कोटी डॉलर लावून त्यांनी रेझर स्टेडियमची एक आख्खी बाजू पाडून नवीन बांधली आणि ते स्टेडियम उघडलं कधी, सप्टेंबर २०२३ ला, कॉन्फरन्स मोडल्यावर महिन्याभरात. नोव्हेंबरात त्यांचा कोच जोनाथन स्मिथ, जो त्याच कॉलेजचा जुना क्वार्टरबॅक, घरचाच मुलगा म्हणायचा, तोही बिग टेनमधल्या मिशिगन स्टेटला गेला. पण या दोघांनी, म्हणजे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने, एक गोष्ट फार डोक्याने केली. जे जातायत त्यांना कॉन्फरन्सच्या बोर्डावर मत कसं काय, असं म्हणून ते कोर्टात गेले आणि जिंकले, त्यामुळे कॉन्फरन्सचं नाव आणि कारभार या दोघांच्या हातात राहिला. मेंबर आठच्या खाली गेले तर एनसीएए दोन वर्षांची सवलत देते, ती वापरून दोन सीझन दोघांचीच कॉन्फरन्स चालवली, लोक "पॅक-२" म्हणून हसायचे. मग बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि बास्केटबॉलसाठी गॉन्झागा असे मेंबर जमवले, जुलै २०२६ पासून नवीन पॅक-१२. म्हणजे भाच्याला सांगा, बुडालेली बोट दोघांनी वल्हवत किनाऱ्याला लावलीये. पैसा मात्र आधीसारखा नाही, ते खरं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून असतं ते. कॉन्फरन्स सोडणं चांगलं का वाईट, हे कोणी सरसकट सांगत असेल तर त्याला हिशोब माहीत नाही. तुमचं नाव मोठं आहे का, कर्ज किती आहे, राज्य सरकार मध्ये पडतं का, यावर सगळं ठरतं. यूसीएलए गेलं तेव्हा बर्कली मागे राहिलं आणि दोन्ही एकाच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची लेकरं, मग रीजंट्सनी, म्हणजे तिच्या कारभारी मंडळाने, सांगितलं की जा पण थोरल्याला वर्षाला १ कोटी डॉलर द्या. लोकांनी त्याला "कॅलिमनी" म्हणजे पोटगी नाव ठेवलं. खाजगी यूएससीला असं विचारणारं कोणी नव्हतं. आणि पूर्ण वाटा मिळतो का निम्मा, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. बातमीत आकडा येतो तो पूर्ण मेंबरचा, ओरेगन आणि वॉशिंग्टनला बिग टेनमध्ये सुरुवातीला त्याच्या साधारण निम्माच मिळतोय.

माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या शीटमध्ये मी उत्पन्नाचा रकाना दहा वेळा तपासला आणि प्रवासाचा रकाना जुन्या आकड्यावर काही टक्के वाढवून मोकळा झालो. फुटबॉलला त्याने फरक पडत नाही, वर्षाला १२ मॅच, त्यातल्या निम्म्या घरी, शनिवारी खेळायचं, चार्टर विमान करायचं आणि रात्री परत यायचं. मार बसला व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसच्या मुलींना. त्यांना चार्टर नाही, दोन विमानं बदलून जायचं, आठवड्याच्या मधे खेळायचं, आणि सकाळी क्लासला हजर. एक मुलगी माझ्याकडे जेवणाच्या पैशांच्या पावत्या द्यायला आली होती, विमानतळावरच्या पावत्या, आणि त्याच पाकिटात तिने चुकून केमिस्ट्रीचा पेपर ठेवलेला, अर्धा सोडवलेला. तो परत करायला मी तिला शोधत फिरलो तर ती पुन्हा प्रवासात. तेव्हापासून लॉस अँजेलिसच्या मुली कॉन्फरन्स मॅच खेळायला चार हजार किलोमीटरवर न्यू जर्सीला जातात असं वाचलं की मला ते पाकीटच दिसतं. कॉन्फरन्स फुटबॉलसाठी बदलतात, आणि किंमत जे फुटबॉल खेळत नाहीत ते मोजतात. फुटबॉल वेगळा काढा आणि बाकीचे खेळ शेजाऱ्यांशीच खेळू द्या, असं मी मीटिंगमध्ये एकदा म्हटलं होतं, सगळे छान म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

हे इथेच थांबणार का? नाही. जून २०२५ मध्ये हाउस विरुद्ध एनसीएए केसची तडजोड मंजूर झाली, आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे टीव्हीचा पैसा जिथे जास्त तिथे खेळाडू जाणार, आणि ज्यांना कमी मिळतो ते अजून अस्वस्थ होणार. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी एसीसीला कोर्टात खेचलं होतं, कारण एसीसीचा कागद थेट २०३६ पर्यंतचा. मार्च २०२५ मध्ये समेट झाला आणि सोडून जायची फी दरवर्षी कमी होत २०३०-३१ ला ७.५ कोटी डॉलरवर येणार असं ठरलं. बिग टेनचा टीव्ही करार २०३० च्या सुमारास संपतो, बिग १२ चा त्याच्या पुढच्या वर्षी. सगळी कुलुपं जवळजवळ एकाच वेळी उघडतायत. मी आज नोकरीत असतो तर बोर्डावर लाल मार्करने २०३० लिहिलं असतं.

आता त्या चौघांबद्दल, जे १९९६ ला वाऱ्यावर सुटले होते. टीसीयू तीन-चार कॉन्फरन्स फिरत २०१२ ला बिग १२ मध्ये आलं आणि जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल खेळलं (जॉर्जियाने ६५-७ धुतलं ती गोष्ट वेगळी). ह्यूस्टन २०२३ ला बिग १२ मध्ये आलं, एसएमयू २०२४ ला एसीसीत, आणि पहिल्याच वर्षी १२ टीमच्या प्लेऑफमध्ये. राइस अजून छोट्या कॉन्फरन्समध्येच आहे, आणि राइसची डिग्री कोणी कमी समजतं का सांगा मला.

तर ताई, मुलीसाठी बघायचं एवढंच. फीच्या पानावर प्रत्येक ओळ नीट वाचा, बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये विद्यार्थ्यांच्या फीतून काही रक्कम ऍथलेटिक्सला जाते, ती किती आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत वाढलीये का ते विचारा, ईमेल केला तर उत्तर देतात. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली असेल तर त्यातून कुठली फी माफ आणि कुठली नाही तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या, कारण ट्यूशन माफ झाली तरी या किरकोळ फी बऱ्याचदा भराव्याच लागतात. फुटबॉलबद्दल एकच तयारी करा, नारिंगी रंगाचं एखादं जाड स्वेटशर्ट बॅगेत टाका. त्यांची टीम बीव्हर्स, रंग नारिंगी आणि काळा, आणि नोव्हेंबरातली मॅच म्हणजे कॉर्व्हालिसचा पाऊस अंगावर घेत तीन-साडेतीन तास उभं राहायचं असतं. हिरवा-पिवळा मात्र चुकूनही देऊ नका, तो तासाभरावरच्या युजीनवाल्यांचा, जे बिग टेनला पळाले त्यांचा.